अपडेटनंतर कॅलेंडरचा रिमाइंडर वाजत नाही? या चुका टाळा

अँड्रॉइड अपडेट झालं आणि रिमाइंडर गप्प झाला की लोक आधी अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात. कृपा करून हे करू नका. अपडेटमध्ये जुन्या अ‍ॅपच्या परवानग्या सहसा टिकतात. पुन्हा टाकलेलं अ‍ॅप मात्र फोनच्या लेखी नवं. अँड्रॉइड १३ पासून नव्या अ‍ॅपला नोटिफिकेशनची परवानगी तुम्ही द्यावी लागते, आणि १४ पासून नेमक्या मिनिटाला वाजण्याची परवानगीही अनेक अ‍ॅपना आपोआप मिळत नाही. एक बिघाड होता, त्याचे तीन झाले.

त्याहून वाईट म्हणजे ‘कॅलेंडर स्टोरेज’चा (फोनमध्ये कॅलेंडरच्या नोंदी साठवणाऱ्या अ‍ॅपचा) डेटा पुसणं. गूगल खात्यातल्या नोंदी सिंक होऊन परत येतात. पण फक्त फोनवर ठेवलेल्या, म्हणजे आईच्या गोळ्यांच्या वेळा, विम्याच्या हप्त्याची तारीख, बॅकअप नसेल तर कायमच्या जातात.

आधी अ‍ॅप एकदा उघडा. मग सेटिंग्जमध्ये तीनच जागा बघा: नोटिफिकेशन (आतला रिमाइंडरचा प्रकारही चालू हवा), ‘अलार्म आणि रिमाइंडर’ (नेमक्या मिनिटाला वाजण्याची परवानगी), आणि बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ (बॅटरी वाचवायला फोनने अ‍ॅप रोखू नये म्हणून).

दुसरी नेहमीची चूक रात्रीच्या अपडेटची. दोन वाजता फोन आपोआप रीस्टार्ट होतो. रीस्टार्टला सगळे अलार्म पुसले जातात आणि प्रत्येक अ‍ॅपला ते नव्याने लावावे लागतात. बऱ्याच फोनवर पिन टाकेपर्यंत कॅलेंडरला स्वतःचा डेटाच वाचता येत नाही. सकाळी साडेसहाचा रिमाइंडर मग सात वाजता, तुम्ही फोन उघडल्यावर येतो. घड्याळाचा गजर वाजला, कॅलेंडर नाही, त्याचं कारण हेच: घड्याळाचं अ‍ॅप लॉक न उघडताही चालेल असं बनवलेलं असतं. अपडेट दिवसा करा, लगेच पिन टाका. पहाटेचं औषध किंवा गाडी असेल तर घड्याळातही गजर लावा.

तपासणीतली घाई तर फार नडते. दोन मिनिटांनंतरचा रिमाइंडर लावायचा, फोन हातात धरायचा, वाजला की खूश! पण स्क्रीन चालू असताना फोन झोपतच नाही, म्हणजे बॅटरी वाचवायला अ‍ॅप थांबवत नाही. दीड तासानंतरचा लावा, चार्जर काढा, स्क्रीन बंद करून फोन टेबलावर ठेवा आणि हात लावू नका. तेव्हा वेळेवर वाजला तरच खरा.

‘फोर्स स्टॉप’ करू नका. अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत त्याचे अलार्म रद्द राहतात.

‘डू नॉट डिस्टर्ब’चं वेळापत्रक बघा.

नोटिफिकेशनचा आवाज रिंगटोनपासून वेगळा असू शकतो, तो शून्यावर नाही ना ते पाहा.

फॅक्टरी रीसेटची यासाठी गरज नसते.