नाकाबंदीत सोडलं म्हणजे इन्शुरन्स पूर्ण आहे असं समजू नका

मागच्या दिवाळीत गावाला जाताना टोलनाक्याच्या पुढे ट्रॅफिकवाल्या साहेबांनी हात केला, नंबर मशीनमध्ये टाकला, इन्शुरन्स चालू दिसला, जा म्हणाले. घरी आल्यावर सहज पॉलिसी उघडली तर ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग, दीड महिन्यापूर्वीच संपलेलं! तेवढ्या दिवसांत कुठे ठोकली असती तर गॅरेजचं सगळं बिल खिशातून भरावं लागलं असतं. मित्रांना विचारलं तर अजून दोघांचं तसंच निघालं, म्हणून लिहायला बसलो.

होतं काय, सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा इन्शुरन्स, एकदम ३ वर्षांचा घ्यावाच लागतो (टू व्हीलरला ५), पण ओन डॅमेज शोरूमवाले बहुतेक वेळा १ वर्षाचाच लावतात आणि आपण समजतो ३ वर्षं बघायला नको. कायद्याने सक्ती फक्त थर्ड पार्टीची आहे त्यामुळे पोलिस तेवढंच बघणार. तर आज पॉलिसी काढा, त्यात दोन वेगवेगळ्या तारखा असतील, दोन्ही तारखांचं रिमाइंडर मोबाईलमध्ये लावा, महिनाभर आधीचं.

ओन डॅमेज संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, पण जातो, जो ५ वर्षं क्लेम न करता ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. आणि मधे खंड पडला की कंपनी गाडीची तपासणी करूनच नवीन पॉलिसी देते.

थर्ड पार्टीच नसेल तर पहिल्यांदा २,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, परत सापडलात तर दंड ४,०००. पण खरी भीती दंडाची नाहीच. आपल्या गाडीने कुणाला लागलं, जीव गेला, तर ट्रिब्युनल (अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट) जी भरपाई ठरवेल ती घर विकून द्यायची वेळ येऊ शकते, आणि समोरच्या घरातला कमावता माणूस गेलेला असतो त्यांना पण वेळेवर पैसे मिळत नाहीत. इन्शुरन्स असेल तर मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला कंपनीच्या बाजूने मर्यादा नसते.

आता अडवलं तर काय करायचं. गाडी डावीकडे घ्या, काच खाली करा, शांत बोला. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी हे चार लागतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं चालतं, नियमातच आहे, पण गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सअपवर आलेला फोटो धरत नाहीत. घाटात रेंज नसते तिथे ॲप फिरतच राहतं म्हणून मी पॉलिसीची प्रिंट डॅशबोर्डमध्ये ठेवतो, आणि रिन्यू केल्या केल्या सिस्टीममध्ये कधी जुनीच तारीख दिसते तेव्हा तीच प्रिंट कामाला येते. पावतीशिवाय कॅश देऊ नका, ई-चलन घ्या आणि नंतर सरकारी साइटवर भरा.

जुनी गाडी घेतली असेल तर १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर आरसी तुमची, पॉलिसी आधीच्या मालकाची आणि ओन डॅमेजचा क्लेम अडकला. हे एजंट सांगत नाहीत हो!

मुंबई-ठाण्यात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घ्याच. पाण्यात गाडी बंद पडली की परत स्टार्टर मारायचा नाही, पाणी आत ओढून इंजिन जातं आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. ढकलून बाजूला लावा आणि आधी कंपनीला फोन करा, टोइंग नंतर.

आणि चलन म्हणून व्हॉट्सअपवर एपीके फाइल (मोबाईलमध्ये ॲप टाकणारी) आली तर उघडू नका, घरातल्या मोठ्यांना पण आजच सांगून ठेवा, अकाउंट रिकामं होतं त्याने.