ब्रिटिश खासदाराच्या ऑफिसात इंटर्नशिप करायचीये? मग हे आधी वाचा

लंडनला मास्टर्सला येणारी आपली मुलं हल्ली बरेचदा विचारतात की पार्लमेंटमध्ये इंटर्नशिप मिळते का, आपण तर इथले नागरिक नाही. मिळते. मी स्वतः एक टर्म केली, आठवड्याला दोन दिवस, आणि तेव्हा मला कोणी सांगायला हवं होतं ते सगळं इथे लिहितोय.

सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करा की इंटर्न पार्लमेंट घेत नाही, खासदार घेतो. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ६५० खासदार आहेत आणि प्रत्येकाचं ऑफिस म्हणजे चार-पाच माणसांचा आपापला वेगळा संसार, माणसं कोण ठेवायची ते तेच ठरवतात. जागा डब्ल्यूफोरएमपी नावाच्या साइटवर येतात, काही युनिव्हर्सिट्यांच्या कोर्समध्येच प्लेसमेंट असते (असेल तर तीच घ्या, निम्मी धावपळ वाचते), नाहीतर सरळ ऑफिसला मेल करायचा. मेलमध्ये "मला ब्रिटिश लोकशाहीत खूप रस आहे" लिहू नका, ते प्रत्येक जण लिहितो. त्यापेक्षा हॅन्सार्ड उघडा, म्हणजे सभागृहात बोललेल्याची जवळजवळ शब्दशः नोंद, फुकट आहे, आणि त्या खासदाराने गेल्या सहा महिन्यांत काय काय विचारलंय ते वाचा, मग मतदारसंघातल्या लोकल पेपरच्या बातम्या वाचा आणि त्यातल्या एका प्रश्नावर चार ओळी लिहा. मी एका बंद होणाऱ्या बस रूटबद्दल लिहिलं होतं आणि इंटरव्ह्यूत पंधरा मिनिटं फक्त त्यावरच बोलणं झालं.

व्हिसाचं नीट बघा. डिग्री लेव्हलच्या स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि पगार नसला तरी ते काम तासांत धरलं जाऊ शकतं, त्यामुळे कॅफेतली शिफ्ट आणि इंटर्नशिप यांची बेरीज करून बघा आणि युनिव्हर्सिटीच्या व्हिसा टीमला लेखी विचारा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. शिवाय पार्लमेंटमध्ये ये-जा करायच्या पाससाठी सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो, त्यात आठवडे जातात, आधी कुठे कुठे राहिलात ते सगळे पत्ते तारखांसकट द्यावे लागतात, म्हणून घरून निघतानाच भाड्याची जुनी अ‍ॅग्रीमेंट्स वगैरे फोनमध्ये घेऊन ठेवा. आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर बघून तारखा मागा, जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर सभागृह बंद असतं.

आता खरं काम. लोकांना वाटतं तिथे दिवसभर भाषणं ऐकायची, तर तसं अजिबात नाही, काम म्हणजे केसवर्क. आपल्याकडे आमदाराच्या ऑफिसात माणसं रेशनकार्ड, सातबारा, दवाखान्याचं बिल घेऊन येऊन बसतात ना, अगदी तेच, फक्त इथे बरंचसं ईमेलने येतं आणि विषय म्हणजे होम ऑफिसमध्ये (म्हणजे इथल्या गृहखात्यात) अडकलेला बायकोचा व्हिसा, कौन्सिलचं म्हणजे स्थानिक पालिकेचं भाड्याचं घर, युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्याचे थांबलेले पैसे. मेल आला की पहिलं काम पत्ता आणि पोस्टकोड तपासणं, कारण दुसऱ्या खासदाराच्या मतदाराची केस आपण घ्यायची नाही असा तिथला संकेत आहे, पत्ता नसेल तर आधी तो मागायचा. मग एखाद्या मोहिमेतून अनेकांनी पाठवलेले एकसारख्या मजकुराचे मेल वेगळे काढायचे. उरतात ती खरी माणसं. मला आठवतं, एका आजोबांचं हाताने लिहिलेलं पत्र होतं, चार पानं, त्यात बायकोचं आजारपण, मुलाचं लांब जाणं सगळं होतं आणि तिसऱ्या पानाच्या खाली एका ओळीत की झोपायच्या खोलीच्या भिंतीला दोन हिवाळे ओल आहे. ती एक ओळ सापडली म्हणून पत्र कोणाला पाठवायचं ते ठरलं. म्हणून सांगतो, पत्र शेवटपर्यंत वाचा, दोनदा वाचा. आणि त्यातलं काहीही बाहेर बोलायचं नाही, रूममेटशीसुद्धा नाही.

दुसरं काम खासदारासाठी विषयांच्या नोट्स काढायचं. कॉमन्स लायब्ररीची (सभागृहाच्या संशोधन विभागाची) ब्रीफिंग्ज बहुतेक सगळ्या विषयांवर असतात, निष्पक्ष असतात आणि कोणीही ऑनलाइन वाचू शकतं, तिथूनच सुरुवात करा. नोट एका पानाची, वर तीन ओळींत मुद्दा, आकडे मतदारसंघाचे. माझी पहिली नोट पाच पानांची झाली होती, ऑफिस मॅनेजरने शांतपणे समजावलं की चालता चालता वाचायची असते ती, आणि ते मला पटलं.

पार्लमेंटची लय मात्र हळूहळू अंगात भिनते. मतदानाची घंटा वाजली की आठ मिनिटांत खासदारांना मत नोंदवायच्या लॉबीत पोचावं लागतं, तेव्हा कॉरिडॉरमध्ये वाटेत उभं राहू नका. बुधवारी बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात, त्या दिवशी ऑफिसला गॅलरीचं तिकीट मिळतंय का ते विचारून एकदा तरी नक्की बसा. सभागृह टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा खूप लहान आहे, ६५० जणांसाठी जेमतेम ४२७ जागा, आणि हिरवे बाक बघून आपली लोकसभा आठवतेच. मला तिथे दादाभाई नौरोजी आठवायचे, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारा माणूस १८९२ साली फिन्सबरी सेंट्रलमधून इथे निवडून आला होता, भरून यायचं खरंच. आणि हो, भारतीय नागरिक इथे राहत असेल तर कॉमनवेल्थमुळे इथल्या निवडणुकीत मतदानही करू शकतो, बहुतेक मुलांना हे माहीतच नसतं, आल्या आल्या नाव नोंदवा, काम करताना त्याचा उपयोगही होतो कारण आपणही कुणाचे तरी मतदार असतो.

शेवटच्या आठवड्यात निरोपाच्या गडबडीत एक काम विसरू नका, तुमच्याकडच्या प्रत्येक चालू केसवर दोन ओळी लिहून ठेवा, कोणाला पत्र गेलंय, उत्तर आलंय का, पुढचा फोन कधी करायचा. त्या आजोबांच्या फाइलवर मी लिहिलं होतं, "भिंतीच्या तपासणीची तारीख मिळाली, झाल्यावर फोन करणे, दुपारनंतर, सकाळी ते बायकोला घेऊन हॉस्पिटलात असतात."