इन्चार्ज झालात? पावणेआठला हजर राहा

इंदूरच्या एका वृद्धाश्रमात मी बारा वर्षं नर्सिंगची इन्चार्ज होते. नव्याने इन्चार्ज झालेल्या मुली अजून विचारतात, "ताई, स्टाफ सांभाळायचा कसा?" मी म्हणते, आधी पावणेआठला पोहोच.

आठला ड्यूटी बदलते. रात्रपाळीचं लक्ष घराकडे, दिवसपाळीचा चहा व्हायचा असतो. तेवढी दहा मिनिटं आजी-आजोबा कुणाचेच नसतात. म्हणून चार्ज, म्हणजे पुढच्या पाळीला प्रत्येकाची माहिती सोपवणं, टेबलापाशी नाही, खाटेपाशी द्यायला लावा. प्रत्येकाचं चारच गोष्टींत: आत्ता काय चाललंय, आधीचं काय आहे, तुला काय वाटतं, आता काय करायचं. (ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून दवाखान्यांत आली म्हणे, हे ऐकून आमच्या आयाबाई खूप हसल्या होत्या.) "तुला काय वाटतं" हे आयाबाईंना आधी विचारा. दर दोन तासांनी कूस त्या बदलतात, पाठीवरची लाली (पडून राहून होणाऱ्या जखमेची पहिली खूण) पहिल्यांदा त्यांनाच दिसते.

आता माझीच चूक. एकदा रात्रीच्या मुलीने जाता जाता इन्सुलिन दिलं, वहीत लिहायचं राहिलं. सकाळच्या मुलीने पुन्हा दिलं. आजोबांना दरदरून घाम, शुगर 54, म्हणजे फारच खाली. शुद्धीत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यातून पाजली, डॉक्टरांना फोन केला, 15 मिनिटांनी पुन्हा तपासली, मग दिवसभर तपासत राहिलो. आजोबा सावरले. मी मात्र दोघींना सगळ्यांदेखत झापलं.

पुढचे सहा महिने वहीत एकही चूक नाही. मला वाटलं, काय शिस्त लागलीय! मग एका आजींच्या गादीखाली दोन दिवसांच्या गोळ्या सापडल्या. ठाऊक सगळ्यांना होतं, सांगितलं कुणीच नव्हतं.

तेव्हापासून चूक सांगायला येणारीला पहिलं वाक्य, "बरं झालं सांगितलंस." रागवायचंच तर दार लावून. आणि कारण शोधा: आमचा इन्सुलिनचा तक्ता टेबलावर असायचा आणि खाट हॉलच्या दुसऱ्या टोकाला. तक्ता खाटेलाच टांगला.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी 1939 मध्ये दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर पुढारीपणाच्या तीन तऱ्हा तपासल्या: हुकमी, सल्ल्याची आणि वाऱ्यावर सोडलेली. हुकमी गटात काम भरपूर व्हायचं, पण पुढारी खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. आणि रात्रपाळीला इन्चार्ज खोलीबाहेरच असते, नाही का? तेव्हा हुकूम फक्त कुणी पडलं, बेशुद्ध झालं तरच. ड्यूटी-चार्ट सगळ्यांना बसवून करा.

रंगपंचमीचा तर महिनाभर आधी. गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, निघाली की राजवाड्याकडून कुणी वेळेवर पोहोचत नाही. तिकडच्या दोघींना विचारून आदल्या रात्री मुक्कामाला ठेवा. सकाळचे पोहे-जिलबी इन्चार्जच्या पैशाने.