गाडीची मागची सीट काढून सामानाचा प्लॅटफॉर्म बसवताय? या चुका टाळा

गाडी अंगणात उभी होती तोवर माझा प्लॅटफॉर्म, म्हणजे वर झोपायची आणि खाली सामान ठेवायची फळ्यांची चौकट, एक नंबर होता. सुतारानं वरून हात फिरवून दाखवला, मी चढून आडवा झालो, शेजारच्या काकांनी काचेतून डोकावून "गाडीत बाज टाकली काय रे?" म्हणून विचारलं. बारा दिवसांनी गेवराईच्या पुढं उसाच्या ट्रॉलीमागं कचकन ब्रेक दाबावा लागला आणि वीस लिटरचा पाण्याचा जार दोन सीटांच्या मधून येऊन गिअरच्या दांड्यावर आदळला. कुणाला लागलं नाही, पण बायको बीडपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्या दिवसापर्यंत मी त्या फळ्यांकडं घरातल्या दिवाणासारखंच बघत होतो. मापं उभ्या गाडीत घेतली होती, मजबुती उभ्या गाडीत तपासली होती. त्यानंतर तो प्लॅटफॉर्म दोनदा उचकटून पुन्हा केला. खालच्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत, दोन-तीन मित्रांच्या.

पाना हातात घ्यायच्या आधी

कटकटीचं आधी उरकून घेऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या नोंदी आणि कंपनीनं दिलेली मूळ गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि आसनक्षमता ही आरसीवरची नोंद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कापाकापी नको. सगळं बोल्टवर, अर्ध्या तासात निघेल आणि मूळ सीट परत बसेल असं करा. मात्र बोल्टवर आहे म्हणजे आपोआप चालतं, असंही धरून बसू नका. आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरनं मागचं दार उघडून "हे काय?" विचारण्यापेक्षा ते बरं.

दुसरी अडचण नात्यागोत्याची. लग्नसराईत मोठी गाडी दारात दिसली की वऱ्हाडाचा हिशेब सुरू होतो. आमचे मामा म्हणाले, "सीट नसंल तर ऱ्हाऊ दे की, वर सतरंजी टाकू, पोरं बसतील चार." नाही म्हणजे नाही. जिथं सीट नाही, बेल्ट नाही, तिथं चालत्या गाडीत कुणी बसायचं नाही, पोरांनी तर मुळीच नाही. मामा दोन महिने रुसले होते. रुसू द्यावं.

वजनाचा अंदाज डोळ्यानं बांधणं

सुताराला 'मजबूत कर' म्हटलं की तो १८ मिलिमीटरचा प्लाय काढतो, आणि फॅब्रिकेटरला म्हटलं की तो दीड इंची चौरस पाइप. दोघंही आपल्या जागी बरोबर असतात. पण आठ बाय चार फुटांची १८ मिलिमीटरची एक शीट साधारण ३५ किलो भरते. माझ्या पहिल्या प्लॅटफॉर्मला दोन शीटा आणि चौदा मीटर दीड इंची पाइप लागला. म्हणजे चहाचा डबाही आत ठेवायच्या आधी शंभर किलो. त्यावर साठ लिटर पाणी, फ्रिज, बॅटरी, सिलिंडर, तंबू.

दुसऱ्या वेळी १२ मिलिमीटरचा प्लाय आणि एक इंची, १.६ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला आणि खाली दर पंधरा-सोळा इंचांवर आडवी पट्टी दिली. सगळं मिळून पन्नाशीत बसलं. दोघं झोपतो, फळी वाकत नाही. ताकद प्लायच्या जाडीत कमी आणि खालच्या आधारांतल्या अंतरात जास्त असते, एवढं सुताराला पटवायला मला अर्धा दिवस लागला. प्लाय घेताना आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघून घ्या. कापलेल्या कडांना वार्निश किंवा प्रायमर लावा, कारण पाणी प्लायमध्ये कडेतूनच शिरतं.

वजन खरंच किती झालं ते बघायला मराठवाड्यात लांब जावं लागत नाही. मोंढ्यात, जिनिंगवर, साखर कारखान्याच्या रस्त्याला, सगळीकडं काटे आहेत. टाकी फुल्ल, सगळं सामान आत आणि दोघं गाडीत बसलेले, असं एकदा पूर्ण वजन करा. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काटेवाला "कापूस कुठंय?" म्हणून हसेल, हसू द्या. आलेला आकडा ओनर्स मॅन्युअलमधल्या कमाल वजनाशी ताडून बघा. मागच्या चाकांवर फारच भार आला असेल तर जड वस्तू पुढं, म्हणजे पुढच्या सीटांच्या पाठीला लागून आणि अगदी तळाला सरकवा. पाणी आणि बॅटरी मागच्या दाराशी ठेवणं ही सगळ्यांचीच पहिली चूक, कारण तिथून काढायला सोपं जातं.

काट्यावर जाणं झालं नाही तरी गाडी स्वतः सांगते. रात्री समोरचे लोक डिपर मारायला लागले तर तुमचे हेडलाइट वर बघताहेत, म्हणजे मागची बाजू बसली आहे. गतिरोधकावर मागून 'धप्प' आवाज आला तर सस्पेन्शन रबरी स्टॉपरला टेकतंय. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भाराच्या हवेचा आकडा वेगळा असतो. टायरमध्ये तेवढी हवा भरा.

पाण्याबद्दल आपल्याकडं कुणी कंजुषी करत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलं, ते दोन दिवसांच्या सहलीलाही चार जार घेतात. घ्या, पण एका लिटरचं एक किलो होतं, आणि अर्धा रिकामा जार हेलकावे खातो. मी आता दहा लिटरचे चपटे कॅन वापरतो. आधी एक पूर्ण संपवायचा, मगच दुसरा उघडायचा.

लाकडी स्क्रू आणि 'एवढं कुठं हलतंय'

ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी धडकून साठ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर वीस किलोचा जार त्या क्षणी साधारण सव्वातीनशे किलोच्या जोरानं पुढं ओढ घेतो. पन्नास किलोच्या प्लॅटफॉर्मचा हिशेब तुम्हीच करा. आणि तो जातो कुठं, तर तुमच्या पाठीत.

म्हणून प्लॅटफॉर्मची चौकट सीटच्याच मूळ जागी, सीटच्याच भोकांत बोल्टनं बसली पाहिजे. त्या जागा कंपनीनं माणसांसकट सीट धरून ठेवायला बनवलेल्या असतात. नवे बोल्ट घेताना जुना बोल्ट दुकानात घेऊन जा. १० मिलिमीटरच्या बोल्टातही १.२५ आणि १.५ असे दोन तऱ्हेचे आटे मिळतात. चुकीचा बोल्ट पहिले दोन फेरे गोडीगुलाबीनं जातो आणि मग आटे खाऊन टाकतो. आधी हातानं फिरवा. तीन-चार फेरे सहज गेले तरच पाना लावा. डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेले बोल्ट घ्या, खाली रुंद वॉशर आणि नट असेल तिथं नायलॉनचा लॉकनट. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळा. माझे सहापैकी दोन ढिले निघाले होते.

प्लाय चौकटीवर लाकडी स्क्रूनं ठोकू नका. आपल्या रस्त्यांवर महिन्याभरात भोकं मोठी होतात आणि स्क्रू बोटानं निघून येतात. आरपार बोल्ट मारा. सामानाला रॅचेट बेल्ट, म्हणजे खटक्यानं आवळायचा न ताणणारा पट्टा लावा. मोटारसायकलच्या कॅरिअरला लावतो ती हुकाची रबरी दोरी ब्रेकला ताणते आणि मग सामान गोफणीसारखं फेकते. पुढच्या सीटांच्या मागं लोखंडी जाळी बसवली तर उत्तम. माझी जाळी जाराच्या प्रकरणानंतर आली.

वरून भोक पाडणं

एका मित्रानं जास्तीचा आधार म्हणून फ्लोअरला ड्रिल लावलं. खालून ब्रेकचा पाइप जात होता. ड्रिलचं टोक त्याच्यापासून बोटभर अंतरावर थांबलं, तेही नशिबानं. आमचे मिस्त्री तेव्हापासून प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवतात, "साहेब, आधी गाडीखाली झोपा, मग वरून भोक पाडा." ब्रेकचे आणि डिझेलचे पाइप, वायरिंग, टाकी हे सगळं तिथंच असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर टाकी बरोबर मागच्या सीटखालीच येते. गाडीत वेल्डिंग करायचंच नाही. चौकट बाहेर वेल्ड करून, रंगवून मग आत बसवा.

सीट काढताना तिच्याखाली वायरीचा कनेक्टर असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा, मगच तो सोडवा. पिवळा कनेक्टर म्हणजे सहसा एअरबॅगची वायर. त्याला हात न लावता सर्व्हिस सेंटरला विचारा. कनेक्टर सुटलेला असताना चावी फिरवली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि नंतर तो स्कॅनर लावूनच जातो.

जॅक तळाला

यावर जास्त लिहवत नाही. मांजरसुंब्याच्या अलीकडं, रात्री साडेदहा, रिमझिम पाऊस, मागचं डावं चाक बसलेलं. जॅक खणाच्या तळाला, त्यावर तंबू, त्यावर भांडी, त्यावर गादी. सगळा संसार रस्त्याकडेला ताडपत्रीवर मांडला तेव्हा एक ट्रकवाला थांबून म्हणाला, "दुकान लावलं का दादा?" आता जॅक, पाना, हवेचा पंप आणि रस्त्यावर ठेवायचा धोक्याचा त्रिकोण मागचं दार उघडल्याबरोबर हाताला लागतात. स्टेपनी गाडीखाली असेल तर ती उतरवायच्या दांड्याचं भोकही मोकळं राहिलं पाहिजे.

किचनची चॅनेल गाडीत

ओट्याखालच्या ड्रॉवरची टेलिस्कोपिक चॅनेल स्वस्त असते, मऊ चालते आणि गाडीत दगा देते. चाळीसगावकडून औट्रम घाट चढताना मागून घरंगळल्याचा आवाज आला. कन्नडला थांबून दार उघडलं तर ड्रॉवर दाराला टेकूनच बसला होता, तो सरळ माझ्या नडगीवर आला. मागोमाग शेगडी, साखरेचा डबा आणि अर्धा किलो शेंगदाणे. ज्या चॅनेलला बंद असताना आणि उघडी असताना, दोन्हीकडं लॉक नाही ती घेऊ नका. शिवाय शेतातल्या पाणंदीचा फुफाटा तिच्या गोळ्यांत गेला की ती कुरकुरत अडकते. मी शेवटी चॅनेल काढून टाकल्या. आता साधी प्लायची पेटी नायलॉनच्या पट्टीवर सरकते आणि ट्रकच्या फाळक्यासारखी कडी लावून बंद होते. दिसायला गावठी आहे, पण चालत्या गाडीत अजून एकदाही आपोआप उघडलेली नाही.

फुफाट्याचंच निघालं म्हणून सांगतो. कच्च्या रस्त्यावर काचा उघड्या ठेवल्या की मागच्या दाराच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. काचा बंद ठेवा आणि ब्लोअर बाहेरच्या हवेवर चालू ठेवा. आतल्या हवेचा दाब थोडा वाढतो आणि धूळ बाहेरच राहते. सीट काढल्यावर उघडी पडलेली भोकं रबरी बुचांनी बंद करायला विसरू नका, निम्मी धूळ तिथूनच येते.

गॅस, पेट्रोल, बॅटरी एका पेटीत

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खणाच्या तळाला साचून राहतो आणि शेजारी फ्रिजचा कॉम्प्रेसर ठिणगीची सोय करून देतो. सिलिंडरचा खण वेगळा हवा आणि त्याच्या तळातून थेट गाडीबाहेर जाणारं भोक हवं. रेग्युलेटर वापर झाला की काढून ठेवायचा. पेट्रोलचा कॅन गाडीच्या आत नकोच. साधी लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला बंद पेटीत कोंडू नका. लिथियम बॅटरीलाही उष्णता सोसत नाही, आणि मे महिन्यात परभणीत बाहेर ४३ अंश असताना बंद गाडीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ लावा. वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. फ्रिजच्या जाळीसमोर चार बोटं जागा सोडा, नाहीतर तो रात्रभर घरघरत बॅटरी खातो. आणि गाडीत झोपायचं असेल तर आत शेगडी पेटवायची नाही, पाऊस असला तरी.

झोपून बघितलं, बसून नाही

प्लॅटफॉर्मची उंची ठरवताना सगळे लांबी मोजतात. आधी गादीची जाडी धरून वर बसून बघा. मान वाकवून चहा प्यावा लागत असेल तर उंची जास्त झाली. माझ्या पहिल्या प्लॅटफॉर्मखाली पाण्याचा जार उभा राहत होता आणि वर मी बसू शकत नव्हतो. जार आडवा चालतो, मला नाही चालत. एसीची मागची झडप आणि बाजूच्या पॅनेलमधल्या हवेच्या फटीही झाकू नका, नाहीतर सकाळी काचांवरून पाणी ओघळतं.

आवाजाचं निदान सोपं आहे. किरकिर म्हणजे प्लाय लोखंडावर घासतोय. मधे फेल्टची पट्टी द्या, तोवर मेणबत्ती घासली तरी भागतं. खडखड म्हणजे कडी सैल, आणि अधूनमधून येणारा ठक्क म्हणजे बोल्ट. किरकिरीसोबत दोन दिवस काढता येतात. ठक्क ऐकू आला की गाडी बाजूला घ्या.

आणि काढलेल्या सीटा. त्या माळ्यावर नुसत्या फेकू नका. माझ्या मधल्या सीटच्या फोममध्ये उंदरांनी एका पावसाळ्यात बाळंतपण केलं, आणि गाडी विकायची वेळ आली तेव्हा गिऱ्हाईकानं पहिला प्रश्न सीटांचाच विचारला. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, टेपनं बंद करा, आणि मूळ बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी सीटलाच बांधून ठेवा.