अपडेटआधी यूपीएस आणि बूटची जागा बघा

नागपुरात मे महिन्यात लोड वाढला किंवा वळवाचं वादळ आलं की लाइन कधी जाईल, नेम नाही. म्हणून घरच्या उबुंटू किंवा डेबियन (दोन्ही लिनक्सच) सर्व्हरचं अपडेट सकाळीच उरका, तेही यूपीएसवर. राउटरसुद्धा यूपीएसवरच हवा. तो बंद पडला की एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी दुरून जोडलेलं कनेक्शन, तुटतं आणि सुरू असलेलं अपडेट अर्ध्यातच मरू शकतं. टीमक्समध्ये (टर्मिनलचं सत्र सर्व्हरवर जिवंत ठेवणारं साधन) चालवलं तर कनेक्शन गेलं तरी काम सुरू राहतं.

आधी 'डीएफ -एच' चालवून बूट पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा डिस्कचा भाग, किती भरलंय ते बघा. वेगळं असेल तर ते लहानच असतं. जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) साचून ते भरलं की नव्या कर्नलची इनिटरामएफएस (बूट होताना सुरुवातीला लागणारी फाइल) तयार होत नाही आणि एपीटी, म्हणजे अपडेट करणारं साधन, अडकतं. 'एपीटी ऑटोरिमूव्ह' जागा करून देतं. एक जुना कर्नल मात्र राहू द्या. नवा बूट झाला नाही तर ग्रबमधून (बूटचा मेनू) त्यावरच परतायचंय.

कॉन्फिग फाइल बदलायची का, असं डीपीकेजीने (एपीटीखाली पॅकेज बसवणारं साधन) विचारलं तर नुसतं एंटर दाबा, तुमचीच फाइल राहते. घाईत वाय दाबलाच, तर जुनी फाइल 'डीपीकेजी-ओल्ड' अशा शेपटीने शेजारीच सापडेल.

मध्येच लाइन गेली? सुरू झाल्यावर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. लॉक फाइल (एका वेळी एकच अपडेट चालावं म्हणून असलेली) हाताने पुसू नका.