सी कोड आणि त्याची असेंब्ली एकत्र कशी वाचावी

सी भाषेतली एक ओळ प्रोसेसरपर्यंत पोचते तेव्हा तिचं काय झालेलं असतं, यावर अंदाजानं बोलणारे पुष्कळ भेटतात. खरं तर अंदाजाची गरजच नाही. कंपायलर, म्हणजे सी कोडचं प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम. त्यानं तयार केलेल्या सूचना असेंब्लीच्या रूपात, मूळ ओळींसकट वाचता येतात आणि त्यासाठीची साधनं लिनक्सवर फुकट मिळतात. उबुंटू किंवा डेबियनवर बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज बसवलं की जीसीसी हा कंपायलर आणि तयार फाइलमधल्या सूचना उलगडून दाखवणारा ऑब्जडम्प दोन्ही हाताशी येतात. पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा, आणि कॅपिटल म्हटलं नसेल तिथे स्मॉल.

आधी एक छोटं फंक्शन लिहा. सुरुवातीलाच मोठा प्रकल्प उघडला तर हजारो ओळींत हरवायला होतं. आपण सरासरी काढणारं फंक्शन घेऊ: ए आणि बी हे दोन इंट (पूर्णांक) घ्यायचे, त्यांची बेरीज करायची, दोननं भागायचं आणि उत्तर परत करायचं. मेन फंक्शनही नको, कारण आपल्याला प्रोग्रॅम चालवायचा नाही, फक्त वाचायचा आहे. फाइलला 'सरासरी.सी' नाव द्या.

आता कंपाइल करा: जीसीसी -जी -ओ1 -सी सरासरी.सी

'-ओ1' मधला 'ओ' कॅपिटल अक्षर आहे, शून्य नव्हे. पुढचा आकडा कंपायलरनं कोड वेगवान करायला किती खटपट करायची ते सांगतो. '-सी' म्हणजे लिंक न करता, म्हणजे पूर्ण प्रोग्रॅम न जोडता, नुसत्या सूचनांची ऑब्जेक्ट फाइल (सरासरी.ओ) बनवून थांब. सगळ्यात महत्त्वाचा '-जी'. कोणत्या पत्त्यावरची सूचना कोणत्या ओळीतून आली याचा तक्ता तो फाइलमध्ये साठवतो. त्यानं फाइल फुगते, पण जीसीसीच्या सूचना बदलत नाहीत, त्यामुळे 'डीबगची माहिती घातली म्हणून कोड वेगळा झाला असेल' ही शंका मनातून काढून टाका.

मग उलगडा: ऑब्जडम्प -एस -एम इंटेल सरासरी.ओ

इथे एस आणि एम दोन्ही कॅपिटल. स्मॉल एस दिलात तर सूचनांऐवजी नुसत्या हेक्स आकड्यांच्या रांगा येतील. 'इंटेल' लिहिलं नाही तर टक्के आणि डॉलरच्या चिन्हांची एटी अँड टी पद्धत दिसते. तिच्यात उत्तर जिथे जायचं ती जागा शेवटी लिहितात, इंटेल पद्धतीत आधी. नवख्यानं इंटेल पद्धतीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

पडद्यावर सी-ची ओळ आणि तिच्याखाली तिच्या सूचना दिसतील. डावीकडे पत्ता, मधे बाइट, उजवीकडे सूचना. नेहमीच्या 64-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये पहिला पूर्णांक ईडीआय रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली छोटी साठवणीची जागा) येतो, दुसरा ईएसआयमध्ये, आणि उत्तर ईएएक्समधून परत जातं. एवढं ठाऊक असलं की वाचन सुरू करता येतं.

अ‍ॅड सूचनेनं बेरीज होते. पुढे मात्र भागाकाराची सूचना कुठेच नाही! बेरजेची प्रत ईएएक्समध्ये घेतली जाते, एसएचआर सूचना ती 31 घरं उजवीकडे सरकवते, जे उरतं ते बेरजेत मिळवलं जातं, आणि मग एसएआर सूचना सगळं एक घर उजवीकडे सरकवते. (जीसीसीच्या आवृत्तीनुसार मांडणीत थोडा फरक पडेल.) एक घर सरकवणं म्हणजे दोननं भागणं, हे ठीक. पण 31 घरं कशासाठी? इंट 32 बिटांचा असतो, त्यामुळे 31 घरं सरकवल्यावर फक्त चिन्हाचा बिट उरतो: संख्या ऋण असेल तर 1, नाहीतर 0. सी-च्या नियमानुसार उणे 3 भागिले 2 म्हणजे उणे 1, भागाकार शून्याकडे छाटायचा. नुसतं सरकवलं असतं तर उत्तर उणे 2 आलं असतं. तो एक मिळवून कंपायलरनं भाषेचा नियम पाळला आहे.

आता इंटच्या जागी तिन्ही ठिकाणी अनसाइन्ड करा आणि दोन्ही आज्ञा पुन्हा चालवा. चिन्हाचा सगळा खटाटोप गायब होतो. बेरीज, एक सरकवणं आणि परत. चल (व्हेरिएबल) ऋण होणारच नाही हे तुम्ही प्रकारातूनच सांगितलंत, आणि कंपायलरनं ते ऐकलं. असे बदल करून दोन्ही रूपं समोरासमोर ठेवावीत. असेंब्ली शिकायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

ओ1 ऐवजी ओ0 देऊन पाहा. प्रत्येक चल आधी स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, लिहिला जातो, मग तिथून परत वाचला जातो. ओळींशी मेळ सहज बसतो, पण यावरून कोडच्या वेगाबद्दल निष्कर्ष काढू नका. ओ2 वर उलट होतं: सूचना मागेपुढे होतात, एकच ओळ दोन-तीनदा दिसते, छोटी फंक्शनं दुसऱ्यांत विरघळतात. म्हणून शिकताना ओ1 बरा.

काही गोष्टी गोंधळात टाकतात. उबुंटूवर फंक्शनच्या तोंडाशी एंडबीआर64 ही सूचना दिसते. ती भलत्या ठिकाणी उडी मारणारे हल्ले रोखण्यासाठी आहे, तुमच्या कोडशी तिचा संबंध नाही. सी-च्या ओळी दिसतच नसतील तर '-जी' राहिला असेल किंवा मूळ फाइल हलवली असेल, कारण ऑब्जडम्प त्या ओळी डिस्कवरच्या फाइलमधून वाचतो. याच कारणानं कंपाइल केल्यावर फाइलमध्ये फेरफार केलात तर सूचनांवर चुकीच्या ओळी बसतात. आधी पुन्हा कंपाइल करा, मगच वाचा.

प्रोग्रॅम चालू असताना हेच पाहायचं असेल तर जीडीबी या डीबगरमध्ये (चालता प्रोग्रॅम तपासायचं साधन) 'लेआउट स्प्लिट' लिहा. वर सी, खाली असेंब्ली, आणि एकेक पाऊल टाकता येतं. काहीच बसवायचं नसेल तर मॅट गॉडबोल्ट यांनी 2012 मध्ये सुरू केलेला कंपायलर एक्सप्लोरर ब्राउझरमध्ये उघडा. तिथे ओळ आणि तिच्या सूचना एकाच रंगात दिसतात, शिवाय जीसीसी आणि क्लँग हा दुसरा कंपायलर शेजारी लावता येतात. मात्र तिथला कोड त्यांच्या सर्व्हरवर जाऊन कंपाइल होतो, तेव्हा कंपनीचा खाजगी कोड तिथे चिकटवू नका. त्यासाठी आपल्याच मशीनवरचा ऑब्जडम्प वापरा.