दस्त रद्द करताना या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी गावी आले की देवगडपासून दापोलीपर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडतं: “त्याची पॉवर मी कधीच रद्द केली.” कशी केली, असं विचारलं तर उत्तर येतं, “कागद फाडून टाकला,” नाहीतर “फोनवर चांगला झापला.” तोवर चुलतभावाने त्याच कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) कलमांची बाग तिसऱ्यालाच लिहून दिलेली असते.

क्रियापद एकच, ‘रद्द करणे’. पण कर्ता दस्तागणिक बदलतो. काही दस्त लिहून देणारा एकटा मागे घेऊ शकतो. काही दोन्ही बाजूंनी मिळून मोडायचे असतात. काही फक्त न्यायालय रद्दबातल ठरवतं. आपला दस्त यांपैकी कुठला, हे न पाहता अर्ज खरडणं ही मूळ चूक.

कुलमुखत्यारपत्र बहुतेक वेळा एकट्याला मागे घेता येतं. पण करार कायदा, १८७२ च्या कलम २०८ प्रमाणे मुखत्याराचा (ज्याला अधिकार दिला त्याचा) अधिकार त्याला कळेल तेव्हा त्याच्यापुरता संपतो, आणि बाहेरच्या माणसापुरता त्या माणसाला कळेल तेव्हा. म्हणजे भावाला सांगितलं आणि गिऱ्हाइकाला कळलंच नाही, तर गिऱ्हाईक त्या व्यवहारावर बोट ठेवून उभं राहू शकतं. म्हणून रद्दलेख लेखी करा. मूळ पत्र नोंदवलेलं असेल तर रद्दलेखही त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा, आणि त्यात जुन्या दस्ताचा क्रमांक, वर्ष, गट नंबर लिहायला विसरू नका. मुखत्याराला पोस्टाने नोटीस पाठवून पोच जपून ठेवा. मूळ प्रत आणि प्रमाणित नकला परत मागा. जिथे त्याने ते पत्र दाखवलं असेल त्या बँकेला, एजंटला कळवा. स्थानिक पेपरात जाहीर नोटीस दिली तर उत्तम. आणि रद्द करण्याआधी त्याने रीतसर केलेला व्यवहार या रद्दलेखाने मोडत नाही, तो वेगळा लढा आहे.

इथे एक खाच आहे. किनाऱ्यालगतच्या जागेचं साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून पैसे घेतले आणि त्याच खरेदीदाराच्या हक्काच्या रक्षणासाठी त्याला कुलमुखत्यारपत्र दिलं, तर करार कायद्याचंच कलम २०२ आड येतं. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या जागेत असेल तर त्याला धक्का लागेल अशा रीतीने ते एकतर्फी संपवता येत नाही. पैसे घेताना हे कोणी सांगत नाही.

मृत्युपत्राचं उलट आहे. करणारा शुद्धीवर आहे तोवर ते कितीदाही बदलता येतं. नोंदवलेलं मृत्युपत्र नोंदवलेल्या दस्तानेच रद्द होतं, हा समज खोटा. “यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे” हे वाक्य आणि दोन साक्षीदार नव्या मृत्युपत्रात असले की भागतं. फाडणंही कायद्याला चालतं, पण करणाऱ्याने स्वतः, रद्द करायच्या इराद्याने फाडलं हे त्याच्या मागे सिद्ध कोण करणार?

खरेदीखत नोंदवून झालं की एकट्याने केलेल्या रद्दलेखाला अर्थ उरत नाही. घेणाऱ्याचा हक्क त्याने जात नाही. फसवणूक झाली असेल तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ३१ खाली दिवाणी न्यायालयात जावं लागतं. मुदत तीन वर्षं, फसवणूक कळल्यापासून. “पुढच्या मे महिन्यात बघू” म्हणता म्हणता ती सरते.

दाव्यातली मागणी तर डोळ्यांत तेल घालून लिहावी. सामायिक जमीन भावाने परस्पर विकली आणि खरेदीखतावर तुमची सही नाही, तर ‘दस्त रद्द करून मिळावा’ असं मागायचं नसतं. ज्याने दस्त लिहून दिला त्याने रद्द मागायचा. ज्याने दिलाच नाही त्याने ‘तो माझ्यावर बंधनकारक नाही असे जाहीर व्हावे’ असं मागायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. मागणीप्रमाणे कोर्ट फीचा हिशेबही बदलतो.

सातबाऱ्यावरचा फेरफार रद्द झाला म्हणजे खरेदीखत रद्द झालं, असं समजून निवांत बसणारेही भेटतात. फेरफार महसुली नोंद आहे. मालकी त्याने जन्मत नाही नि मरतही नाही. शिवाय मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेली नोंद तलाठी उडवू शकत नाही. अपील प्रांताधिकाऱ्याकडे, साठ दिवसांत.

बक्षीसपत्र करून दिलं आणि मुलगा विचारत नाही, ही तक्रार हल्ली वाढत चालल्यासारखी वाटते. नुसतं मन फिरलं म्हणून बक्षीस परत घेता येत नाही. पण साठीच्या पुढच्या माणसाने ‘सांभाळ करीन’ या अटीवर दिलं असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते हस्तांतरण शून्य ठरवू शकतं. ही अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्या. लिहिणाऱ्याने ‘प्रेमापोटी’ एवढंच लिहून सही घेतली असेल, तर म्हातारपणी अट होती हे शाबीत करण्यातच दमछाक होते.